शहापूरचे कौलारू घर की हिंडलग्याकडचा स्लॅबचा बंगला?

मे महिन्यात मुंबई-पुण्याची भावंडे एकत्र येतात आणि खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरात सगळी मावत नाहीत, म्हणून गेली दोन वर्षे आम्ही बेळगावात महिनाभरासाठी घर भाड्याने घेतो. गेल्या वर्षी हिंडलग्याच्या बाजूला नव्या वसाहतीतल्या एका बंगल्याचा वरचा मजला घेतला होता, यंदा शहापुरातले जुने कौलारू घर. उपनगरातले घर दोन हजारांनी स्वस्त होते, पण ती बचत टिकली नाही.

साधारण 750 मीटर उंचीवरच्या या शहराचा उन्हाळा सौम्य असतो हे खरे; परंतु त्याचा लाभ छपरावर अवलंबून आहे, हे आम्हाला तिथे कळले. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत निवत नसे. गच्चीवर मात्र पश्चिमेचा वारा सुटे, म्हणून सगळे अंथरुणे घेऊन वर जात आणि वळवाची सर आली की भर रात्री उशा काखोटीला मारून खाली पळत. मुलांना त्याची मौज वाटली, आईला नाही. शहापुरातल्या घरात कौलांखाली लाकडी माळा असल्यामुळे ऐन दुपारीही माजघरात सतरंजी टाकून सुखाने झोपता आले.

पाण्याचा अनुभव याहून बोलका आहे. शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून पाणी येते, आणि मे म्हणजे पाण्याच्या ओढीचाच महिना. बंगल्याच्या मालकांनी ‘चोवीस तास पाणी’ असे सांगितले होते. प्रत्यक्षात सगळी भिस्त बोअरवर होती आणि तिसऱ्या आठवड्यात बोअर गढूळ पाणी फेकू लागली. तीन टँकर मागवावे लागले, त्यांचे पैसेही आम्हीच भरले. शहापुरात नळ काही दिवसांआड येई, पण परसात आड होता आणि त्याला पाणी होते.

शहरातल्या घराचे दोष लपवण्यात अर्थ नाही. सकाळी आठपासून शेजारच्या यंत्रमागांची खडखड सुरू होई, न्हाणीघर परसाच्या टोकाला होते, आणि भावाची गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावावी लागे. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री तर झोपेचा प्रश्नच नव्हता. अर्थात त्या रात्री आम्हीही रस्त्यावरच होतो. (तसे पाहिले तर शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानातले, तेव्हा शहर कोणते आणि उपनगर कोणते, हेही जरा जपूनच म्हणावे.)

हिंडलग्याहून खरेदीला निघायचे तर बस किंवा रिक्षा धरावी लागे. जून 2023 पासून कर्नाटकातल्या महिलांना सरकारी बसमध्ये तिकीट नाही, त्यामुळे आई फुकट आणि मुंबईचे आधार कार्ड असलेली बहीण शेजारीच बसून तिकीट काढणारी, असा प्रकार रोज होई. शहापुरात साड्यांची दुकाने पायी पाच-सात मिनिटांवर.

स्वतःची गाडी असेल, खालचा मजला आणि नळजोडणी दोन्ही मिळत असतील, तर हिंडलग्याकडे जरूर जावे; मात्र घर दुपारी तीन वाजता पाहावे, संध्याकाळी नव्हे. घरात म्हातारे माणूस असल्यास मी शहापूरच सांगेन. पुढच्या मे महिन्यासाठी तिथल्या मालकीणबाईंना आम्ही सांगून ठेवले आहे. आडाचा दोर तेवढा या वेळी तुम्ही आणा, असे त्यांनी बजावले आहे.