ऑल्टमेट्रिक: फुकटचं बटण झकास, पण तो आकडा प्रमोशनच्या फाईलमध्ये नको

ब्राउझरच्या बुकमार्क पट्टीत ऑल्टमेट्रिकचं, म्हणजे संशोधनाची चर्चा मोजणाऱ्या सेवेचं, फुकट बटण टाकून ठेवलंय, एखादा संशोधनाचा पेपर उघडून त्यावर क्लिक केलं की रंगीत डोनट येतो आणि चर्चा कुठे कुठे झाली ते कळतं, लाल म्हणजे बातम्या, पिवळा ब्लॉग, जांभळा धोरणांची कागदपत्रं. सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरात आपल्या पेपरचा संदर्भ, यायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात, इथे पहिल्याच आठवड्यात काहीतरी दिसायला लागतं, नवीन पोरांना तेवढंच बरं वाटतं.

पण डोनटच्या मधला आकडा, म्हणजे स्कोअर, बघून हुरळू नका. बातमीला 8 गुण, ब्लॉगला 5, विकिपीडियाला 3 आणि एक्सवरच्या पोस्टला 0.25, म्हणजे 32 जणांनी पोस्ट टाकली की झाली एक बातमी. आणि शिव्या घातल्या तरी आकडा वाढतोच! मे 2020 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाचा कोविडवरचा तो पेपर आला, 96 हजार पेशंटांचा डेटा म्हणे, डब्ल्यूएचओने तर ट्रायलमधलं ते औषधच थांबवलं, आणि दोन आठवड्यांत पेपर मागे घेतला, कारण मूळ डेटा कोणाला तपासायलाच मिळेना. डोनट मात्र गलेलठ्ठ. अर्थात सायटेशनही काही धुतल्या तांदळासारखी नाहीत, मागे घेतलेले पेपर लोक नंतरही बिनधास्त सायट करतात, आणि स्वतःलाच सायट करणारे महाभाग प्रत्येक डिपार्टमेंटात असतात.

मला आवडतं ते डोनटच्या आतलं पान. पॉलिसीच्या टॅबमध्ये गेलं की कुठल्या सरकारी किंवा जागतिक संस्थेच्या रिपोर्टने पेपर वापरला ते नावानिशी दिसतं, ही गोष्ट सायटेशनच्या आकड्यात सापडत नाही. मेंडेली या पेपर साठवायच्या अ‍ॅपवर किती जणांनी सेव्ह केलाय तेही दिसतं, पण ते स्कोअरमध्ये धरत नाहीत, का ते त्यांनाच माहीत.

मराठीत लिहिणाऱ्यांनी फार आशा ठेवू नये. हे बटण मुख्यतः डीओआयवर, म्हणजे पेपरच्या कायमच्या ओळख क्रमांकावर, चालतं आणि आपल्या बऱ्याच नियतकालिकांना तो नसतो. शिवाय वर्तमानपत्रात 'शास्त्रज्ञांनी शोधून काढले' एवढंच छापलं, ना जर्नलचं नाव ना लिंक, तर मोजणार तरी काय?

बटणाला पाचात चार. प्रमोशनच्या कमिटीने सायटेशनशेजारी हा स्कोअर मांडून नंबर लावायचे म्हटलं तर एक, तोही रंगांसाठी. त्यापेक्षा फाईलमध्ये दोन ओळी लिहा, कोणी वापरलं आणि कशासाठी. ऑल्टमेट्रिकचाच एक्सप्लोरर, म्हणजे शोधाशोध करायचं मोठं टूल, पैसे भरून मिळतो, आधी लायब्ररीत विचारा, घेतलेला असेल तर स्वतः भरू नका.