उथळ श्वास की खोल श्वास, जरा हिशोब करून बघू

समजा एक माणूस मिनिटाला २४ श्वास घेतोय, प्रत्येकी २५० मिली. दुसरा १२ च घेतोय पण ५०० मिलीचे. दोघांचीही मिनिटाला ६ लिटर हवा आत जाते, म्हणजे सेमच की! पण नाही ना. नाक, घसा, श्वासनलिका यांत साधारण १५० मिली हवा नुसतीच अडकून राहते, तिथं ऑक्सिजनची देवाणघेवाण होतच नाही, ती होते फक्त फुप्फुसातल्या शेवटच्या वायुकोशांत, म्हणजे फुग्यांसारख्या बारीक पिशव्यांत, जिथं हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो. प्रत्येक श्वासातून १५० वजा करा, पहिल्याला खरी कामाची हवा मिळते २.४ लिटर, दुसऱ्याला ४.२. श्वास मात्र पहिल्याचेच दुप्पट.

पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट दुखतं म्हणून असाच वरवर श्वास घेतो, मग फुप्फुसाच्या तळाचे वायुकोश मिटायला लागतात, म्हणून तर त्याच्या हातात ते तीन बॉलचं स्पायरोमीटर, म्हणजे खोल श्वासाच्या व्यायामाचं यंत्र, देतात. फुंकायचं नसतं हां त्यात, ओढायचं असतं, बरेच लोक उलटंच करतात.

म्हणजे खोल श्वास जिंकला, पण व्हॉट्सॲपवर सांगतात तसा ऑक्सिजन काही दुप्पट होत नाही, निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन आधीच ऑक्सिजननं ९५ टक्क्यांच्या वर भरलेलं असतं. आणि खोल प्लस भराभर असं दोन्ही केलंत तर कार्बन डायऑक्साइड जास्तच बाहेर जातो, मग बोटांना मुंग्या, चक्कर.