115 चा बेंच सप्लाय 230 वर: सात महिने वापरल्यानंतर

बेंच सप्लाय म्हणजे टेबलावर इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाला हवा तेवढा डीसी व्होल्टेज देणारी पेटी. माझा जुना लीनियर, 115 व्होल्ट मेन्सचा; आउटपुट 0 ते 30 व्होल्ट, 3 अँपिअर. आधी बाहेरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवायचो. टेबलावर ते धूड सतत घुंघुं करायचं, म्हणून शेवटी पेटी उघडली.

आतल्या ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीची, म्हणजे मेन्सकडची, दोन वाइंडिंग निघाली, 115-115 ची, पॅरलल जोडलेली. 230 साठी ती सिरीजमध्ये घ्यायची, एवढंच. पण टोकं उलटी जोडली गेली तर दोन्ही एकमेकांना मारतात आणि ट्रान्सफॉर्मर जवळजवळ शॉर्टसारखा करंट ओढतो. टॅगवरचे आकडे पुसट झाले होते. म्हणून दोन्ही वाइंडिंग सुटी केली, एकाला छोट्या ट्रान्सफॉर्मरचे 12 व्होल्ट एसी दिले, दुसऱ्याचं एक टोक त्याला जोडलं आणि उरलेल्या दोन टोकांवर मीटर धरला. साधारण 24 आले तर जोडणी बरोबर, शून्याजवळ आले तर उलटी. माझी पहिली उलटीच निघाली!

फ्यूज निम्म्यावर आणला: 2 अँपिअर स्लो-ब्लोच्या (क्षणिक झटका सोसणाऱ्या) जागी 1. मग 60 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून सप्लाय चालू केला. बल्ब क्षणभर उजळून मंदावायला हवा; हा तसाच पेटून राहिला. वाटलं, वाइंडिंग पुन्हा चुकलं. प्लग काढून आत बोट फिरवलं तर चटका बसला इनपुटवरच्या एमओव्हीचा (जादा व्होल्टेज आला की तो स्वतःकडे ओढून घेणारा भाग). बिचारा 130 व्होल्टचा. तिथे 275 चा टाकल्यावर बल्ब विझला. बल्ब नसता तर त्या जुन्या एमओव्हीचा फटाका झाला असता. शेजारचा 125 व्होल्टचा कपॅसिटरही बदलून 275 एसीचा एक्स-2 (मेन्सवर लावायच्या सुरक्षित प्रकारचा) बसवला. 115 चा पंखा मात्र तसाच ठेवला, फक्त प्रायमरीच्या एकाच वाइंडिंगवर घेतला; त्याला त्याचे 115 मिळतात.

आउटपुट पहिल्या दिवसापासून ठीक आहे. अडचण उष्णतेची. 60 ऐवजी 50 हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमधला चुंबकीय फ्लक्स सुमारे 20 टक्के वाढतो, आणि त्याने तो जास्त तापू शकतो. पाटीवर 50/60 लिहिलं होतं म्हणूनच हात घातला, नुसतं 60 असतं तर नाद सोडला असता. ट्रान्सफॉर्मर कोमटच राहतो, पण पंखा 50 हर्ट्झवर हळू फिरतो. 5 व्होल्ट 3 अँपिअरवर तासभर चालवलं की हीटसिंकला हात लावून ठेवता येत नाही. आतले सुमारे 40 व्होल्ट 5 वर आणायचे म्हणजे शंभरेक वॅट नुसती उष्णता. तसल्या कामाला मी आता दुसरा, स्विचिंग सप्लाय घेतो.

एक गोष्ट मात्र नजरेतून सुटली. पाचव्या महिन्यात पुढचा निऑन दिवा फडफडायला लागला, काच आतून काळी पडलेली. त्याचा 47 के (किलोओहम) रेझिस्टर 115 च्या हिशोबाचा होता. निऑन बिचारा तिप्पट करंट सोसत होता. आता 150 के टाकलाय, अर्थात नव्या निऑनसोबत.