एका टायरला सहा पंक्चर: साताऱ्याच्या अलीकडे मला कसं लुटलं

गेल्या महिन्यात आईला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. साताऱ्याच्या अलीकडे डिझेल भरून बाहेर पडताना हवेच्या मशीनजवळच्या पोराने हात केला. "दादा, मागचं डावं चाक बसलंय. असंच नेलं तर टायर जाईल."

उतरून पाहिलं तर टायर खाली फुगलेला वाटला. रेडियल टायर हवा पुरेशी असली तरी जमिनीपाशी थोडा फुगलेलाच दिसतो, नुसत्या नजरेने हवा कळत नाही. तेव्हा हे सुचलं नाही. माझ्या गाडीत टीपीएमएस आहे, म्हणजे प्रत्येक चाकातल्या हवेचा दाब स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा. सकाळी थंड चाकांत दाब ३३ पीएसआय होता, पंपावर वळताना चारही चाकं ३६ दाखवत होती. टायर तापला की तीन-चार पीएसआय वाढतंच. म्हणजे चाक ठणठणीत होतं.

"चेक करतो" म्हणत त्याने व्हॉल्व्हला गेज लावला आणि बराच वेळ धरून ठेवला. सुस्स आवाज येत होता. थोड्या वेळात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, आकडा २४. आई म्हणाली, "बरं झालं बाई, त्याने सांगितलं." मलाही तसंच वाटलं. त्याचा हात लागेपर्यंत आकडा हलला नव्हता, हे डोक्यातच आलं नाही.

मग जॅक लावला, चाक काढलं. त्याच्या एका हातात साबणाच्या पाण्याची बाटली, दुसऱ्यात फडकं. फडकं फिरलं की तिथे बुडबुडे. एक, दोन, चार, सहा! एका मशरूम पॅचचे ३०० रुपये, असे १८०० झाले. चाक काढलेलं, आई उन्हात उभी, कार्य साडेबाराचं. दिले. तेही रोख, ऑनलाइन नको म्हणाला.

कोल्हापुरात नेहमीच्या पंक्चरवाल्या काकांनी टायर रिमवरून उतरवला आणि माझं बोट धरून आतून फिरवलं. वीतभर जागेत सहा भोकं, सगळी सरळ, एकाच जाडीची. "हे टोच्याचं काम. फडक्यात धरलेला असतो." मशरूम पॅच म्हणून पैसे घेतले होते, पण तो आतून बसतो, त्यासाठी टायर उतरवावाच लागतो. इथे बाहेरून नुसत्या रबराच्या बत्त्या कोंबल्या होत्या. दोन भोकं तर टायरच्या खांद्यापाशी, म्हणजे तो कडेकडे वळतो तिथे. तिथे टायर सतत वाकतो, पंक्चर काढून भरवसा नाही. टायर बाद. त्या चाकावर मी आईला हायवेवरून शंभराच्या वेगाने आणलं होतं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

हात करणारा कुणी भेटला तर आधी स्वतःच्या गेजने मोजा, नाहीतर स्क्रीनवरचा आकडा बघा. कंपनीने सांगितलेला आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, तो थंड टायरसाठी. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तेवढी हवा भरू नका. हवा टिकून असेल तर चाक काढू देऊ नका, ओळखीच्या दुकानापर्यंत जा. पंक्चर निघालंच तर पहिल्या बुडबुड्याला विचारा, "खिळा कुठाय?" आणि फडकं बाजूला ठेवायला सांगा.