पॅरिसचं पाँथेऑन: नागपूरकरांनी लंबकासाठी तरी वेळ काढावाच

विमानतळावरून आरईआर बी या लोकल रेल्वे लाइनची गाडी थेट लक्झेंबर्ग स्टेशनला येते. तिथून थोडी चढण पायी. चर्च म्हणून बांधायला घेतलेली ही वास्तू 1791 मध्ये राष्ट्रपुरुषांचं समाधिस्थळ झाली. तेव्हाच खालच्या खिडक्या बुजवल्या, म्हणून आत उजेड बेताचाच.

दीक्षाभूमीच्या पोकळ स्तूपात उभं राहिलेल्यांना घुमटाखालची ती शांतता ओळखीची वाटेल. घुमटातून 67 मीटर तारेवर 28 किलोचा गोळा झुलतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फुकोने 1851 मध्ये पृथ्वीचं फिरणं इथंच दाखवलं (आताचा गोळा प्रतिकृती आहे). पाच मिनिटांत निघालात तर काहीच कळणार नाही. खाली पृथ्वी फिरत असल्यामुळे झोक्याची दिशा तासाला साधारण 11 अंश सरकते, म्हणून आल्याबरोबर खूण लक्षात ठेवा, तळघर पाहून परत या. पॅरिसला पूर्ण फेरा सुमारे 32 तासांचा. तोच लंबक नागपुरात टांगला तर सुमारे 66 तास लागतील, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ.

तळघरात व्हॉल्टेअर, रूसो, ह्यूगो, ब्रेल. मेरी क्युरींच्या शवपेटीला आतून शिशाचा थर आहे. खाली गारवा असतो, स्वेटर सोबत असू द्या. घुमटावर जायला वेगळं तिकीट आणि 200 वर पायऱ्या. हिवाळ्यात तो बंद असतो. गुडघे कुरकुरत असतील तर खालीच थांबा, खरं मोल तिथंच आहे.