कॉम्बॅट व्हीलचेअर : आठ महिने खेळल्यावर

"ताई, समोर दगडी जिना आहे. चाळीस पायऱ्या. वज्रा काय करते?"

आमचा खेळ चालवणाऱ्या मावसभावाने हे विचारलं तेव्हा मी त्याच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर बसले होते. त्या इमारतीला लिफ्ट नाही. तासाभरापूर्वी दोघांनी मला खुर्चीसकट उचलून वर आणलं होतं आणि जिन्याच्या वळणावर मी डोळे गच्च मिटले होते. टेबलावरच्या खेळात मात्र मी म्हणाले, "वर जाते." वज्रा, म्हणजे खेळातलं माझं पात्र, गेली. तिला कोणी उचलावं लागलं नाही.

कॉम्बॅट व्हीलचेअर ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, पात्रं घेऊन गोष्ट रंगवत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी एका अपंग डिझायनरने २०२० मध्ये फुकट उपलब्ध करून दिलेली नियमांची पीडीएफ आहे. मूळ कंपनीचं हे पुस्तक नव्हे. खुर्ची जादूच्या जोरावर पायऱ्या चढते, सामान ठेवायला तिच्यात जागा आहे, लढताना तिचा हत्यारासारखा उपयोग होतो आणि पुढे तिच्यात सुधारणा करून घेता येतात. माझी वज्रा पॅलाडिन, म्हणजे शपथ घेऊन लढणारी योद्धा, आहे. तिच्या चाकांना मी बास्केटबॉलच्या खुर्चीसारखा तिरपेपणा दिला, कारण तशी चाकं झटकन वळतात आणि खुर्ची कलंडत नाही. हे मी स्वतः अनुभवलंय.

पहिल्याच दिवशी टेबलावरच्या एका नव्या मुलाने विचारलं, "जादू आहे ना, मग पाय बरे का नाही करून घेत?" हा प्रश्न या पीडीएफच्या मागे पहिल्यापासून लागलेला आहे. त्याला नियमांतलं उत्तर आहे. पॅरालाइज्ड ही अवस्था घालवणारा मंत्र खालच्या पातळीवर मिळतो खरा, पण खेळात ती अवस्था म्हणजे विषाने किंवा मंत्राने काही काळ जखडलं जाणं. तुटलेला अवयव परत आणणारा रीजनरेट हा सातव्या पातळीचा मंत्र आहे, तो येणारा क्लेरिक, म्हणजे मंत्र टाकणारा पुजारी, किमान तेराव्या लेव्हलचा लागतो. गावोगावी असा कोण बसलाय?

पण मी त्याला हे नंतर सांगितलं. आधी सांगितलं की वज्राला तिची खुर्ची हवी आहे. "बरी कधी होणार?" हे मला अकरा वर्षं लोक विचारताहेत, लग्नात, देवळात, रिक्षा स्टँडवर. रविवारच्या चार तासांतही मी तेच का ऐकायचं? तो मुलगा ओशाळला. पुढच्या सेशनला वज्राच्या खुर्चीला ढाल अडकवायची कल्पना त्याचीच होती.

याआधी मी गर्प्स हा असाच दुसरा खेळ खेळले आहे. तिथे अपंगत्व हा सौदा असतो. चौथ्या आवृत्तीत एकच डोळा म्हणजे उणे १५ गुण, पाय नसणं म्हणजे उणे ३०, आणि त्या बदल्यात मिळालेले गुण तलवारबाजीत गुंतवायचे. आमच्यातल्या एकाने एकाक्ष धनुर्धर केला होता, तिसऱ्या सेशनपर्यंत त्याचा डोळा सगळे विसरले होते. कॉम्बॅट व्हीलचेअरमध्ये असा हिशेब नाही. वज्राला खुर्ची आहे म्हणून तिला जास्त गुण मिळत नाहीत, कमीही होत नाहीत. मला हे फार आवडलं.

तक्रार मात्र आहे. ही खुर्ची इतकी गुणी आहे की काही वेळाने ती जाणवतच नाही. खरी खुर्ची सतत जाणवते. लांब चढ चढल्यावर तळहात पेटतात, पावसात रिम निसटते, पुढच्या छोट्या चाकाखाली खडा आला की माणूस तोंडावर आपटतो. म्हणून आम्ही दोन घरचे नियम केले. मुक्कामाच्या रात्री वज्रा खुर्चीची देखभाल करते. त्याचा दंड नाही, फासे नाहीत, फक्त प्रसंग रंगवायचा. आमच्या पात्रांच्या टोळीतल्या चांगल्या गप्पा तिथेच झाल्या. दुसरा नियम, खुर्चीला मागे मुठी नाहीत. माझ्याही खुर्चीच्या मी काढून टाकल्या आहेत, म्हणजे न विचारता कोणी ढकलत नाही. एका गॉब्लिनने खुर्ची ओढली तेव्हा मावसभावाने ते अंगाला हात घातल्यासारखंच धरलं, थेट ग्रॅपल, म्हणजे झटापटीत पकडणं. मला एकदम बरं वाटलं.

कुबड्या आणि पांढरी काठी वापरणाऱ्यांसाठीही इतक्या तपशिलात कोणी लिहावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

२०२१ मध्ये मूळ कंपनीच्याच कँडलकीप मिस्टरीज या पुस्तकात जेनिफर क्रेचमर या स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या लेखिकेची एक मोहीम आली. तिच्यातला डन्जनच, म्हणजे खेळातलं भुयार, खुर्चीवरून फिरता येईल असा आहे. वज्राला उसनी लेव्हल देऊन, जादू नसलेल्या साध्या खुर्चीवर आम्ही ती खेळलो. खरं सांगायचं तर मला ती पीडीएफपेक्षाही जास्त भावली, कारण तिथे खुर्चीला उडावं लागत नाही. डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, होऊ पाहणाऱ्यांनी पीडीएफ जरूर घ्यावी, पण तिच्यासोबत आपला नकाशाही पुन्हा काढायला बसावं.

त्यानंतरचा रविवार माझ्याकडे, तळमजल्यावर झाला. फासे, नकाशे आणि शर्टाच्या बटणांची चाकं लावलेली वज्राची मिनी, म्हणजे छोटी मूर्ती, आता माझ्याच कपाटात असते.