होई आन की लुआंग प्रबांग? सायकलवर चार दिवस काढायचे तर

नदीकाठचं छोटं जुनं गाव, भाड्याची सायकल आणि हाताशी चार-पाच मोकळे दिवस. असा बेत ठरला की आग्नेय आशियातली दोन नावं हमखास पुढे येतात: व्हिएतनाममधलं होई आन आणि लाओसमधलं लुआंग प्रबांग. मी दोन्ही गावं सायकलवरच पाहिली, आधी होई आन आणि दोन वर्षांनी लुआंग प्रबांग. दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत, लुआंग प्रबांग १९९५ पासून आणि होई आन १९९९ पासून. त्यामुळे जुनी घरं कुठली जास्त सुंदर, या वादात मी शिरत नाही. दोन्हीकडे डोळे निवतात. प्रश्न सायकलचा आहे.

नुसता रस्ता बघितला तर होई आन सरळ जिंकतं. थू बोन नदी समुद्राला मिळते तिथला हा सखल प्रदेश, चढ म्हणजे फक्त पुलाचा. जुन्या गावातून निघालात की दहा मिनिटांत दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. वाटेत त्रा क्वे हे भाजी पिकवणारं गाव आहे. तिथले वाफे इतके नेटके, की मी पहिल्या दिवशी तासभर नुसता बघत बसलो. खत म्हणून पाण्यातलं शेवाळ मातीत मिसळतात आणि पुदिना, तुळस, कोथिंबिरीचा वास रस्त्यापर्यंत येतो. तिथून पुढे आन बांगचा समुद्रकिनारा. सगळं मिळून चार-पाच किलोमीटर. नदीपलीकडे काम किम बेटावर सुतारांचं गाव आहे, आणि त्या बाजूच्या बांधांवरच्या वाटा तर सायकलसाठीच घातल्यासारख्या. बहुतेक होमस्टेंमध्ये सायकल खोलीभाड्यातच मिळते. बिनगिअरची, पुढे टोपली असलेली, पण तिथे गिअर लागतही नाही.

लुआंग प्रबांगचं तसं नाही. मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या मधे जिभेसारखी निघालेली जमीन, तिच्यावर जुनं गाव. ही जीभ सपाट आहे आणि तिची प्रदक्षिणा रमतगमत केली तरी तासाभरात होते. त्यापलीकडे मात्र डोंगर सुरू होतात. क्वांग सी धबधबा सुमारे तीस किलोमीटरवर आहे. वाटेत कात्रजसारखा एक मोठा घाट नाही, पण चढ-उतार संपता संपत नाहीत. त्यासाठी गिअरची सायकल घ्यावी लागते, तिचं भाडं जास्त पडतं, आणि पर्यटकांच्या व्हॅन धूळ उडवत अगदी जवळून जातात. मी तो रस्ता एकदा केला, पुन्हा करणार नाही. धबधब्याला सरळ गाडीने जा.

दोन्ही देशांत वाहनं उजव्या बाजूने चालतात. आपल्याला हे वाचून माहीत असतं, पण सायकलवर ते अंगवळणी पडायला एक दिवस जातो. डावीकडे वळताना मान चुकीच्या बाजूला वळते. होई आनच्या मोठ्या रस्त्यांवर स्कूटरची गर्दी असल्याने पहिल्या दिवशी मला याचं बरंच दडपण आलं होतं. लुआंग प्रबांगला वर्दळ कमी, त्यामुळे चूक पदरात घेतली जाते.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल ठरला, तिच्याबद्दल.

होई आनमध्ये मला थांबता येत नव्हतं. सायकल म्हणजे माझ्या लेखी मनात येईल तिथे थांबण्याची सोय. गाडी आपल्याला नेते, सायकल आपल्याला थांबू देते. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात माणसं रस्त्यावर उभी राहून हात आडवा करतात, शिट्ट्या मारतात, जणू पुढे रस्ता बंद आहे आणि सायकल इथेच लावायला हवी. पहिल्या दिवशी मी मुकाट्याने लावली, पैसे दिले आणि बरंच अंतर चालत गेलो. किनाऱ्यावर पोहोचल्यावर दिसलं की इतरांच्या सायकली तिथवर आलेल्या आहेत. दुसऱ्या दिवशी थांबलो नाही, तर मागून ओरडणं ऐकावं लागलं. नारळाच्या पाणथळ बनाकडे गेलो तेव्हा एक स्कूटरवाला किलोमीटरभर बरोबरीने येत राहिला. टोपलीच्या आकाराच्या गोल होडीतून फेरी मारा, एवढाच त्याचा आग्रह. मी पाणी प्यायला थांबलो की तोही थांबायचा. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की चांगलं झाड दिसलं, एखादी म्हैस दिसली, तरी मी ब्रेक दाबायचं टाळतोय. कुणी येईल म्हणून.

त्या लोकांचं पोट त्यावर आहे, हे मला कळतं, आणि पैसेही फार जात नाहीत. कुणाला यात काहीच वावगं वाटणार नाही. माझ्याबरोबर तिथे असलेली बहीण हसून हात हलवत पुढे जायची आणि दोन मिनिटांत विसरायची. मला ते जमलं नाही. मुख्य रस्ता सोडून काम किमच्या बाजूला गेलं की हा त्रास जवळजवळ संपतो, हेही सांगायला हवं.

लुआंग प्रबांगला पहिल्याच सकाळी उलटा अनुभव आला. नाम खानवर फ्रेंचांच्या काळातला जुना लोखंडी पूल आहे, आता फक्त दुचाकी आणि पायी चालणाऱ्यांसाठी. तो ओलांडून मेकाँगच्या काठाने सांग खोंग गावाकडे निघालो. तिथे झाडाच्या सालीचा लगदा करून कागद बनवतात आणि चौकटी उन्हात टेकवून ठेवतात. एका अंगणाबाहेर थांबून मी बराच वेळ बघत होतो. आतल्या बाईंनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या. कुणी बोलावलं नाही, कुणी हटकलं नाही. दहा-पंधरा मिनिटांनी मीच आत जाऊन दोन वह्या घेतल्या. पुढचे तीन दिवस असेच गेले. विणकरांचं फानोम गाव, त्याच्या पुढे नाम खानच्या काठी झाडीत आंरी मुओ या फ्रेंच प्रवाशाची कबर (तो १८६१ मध्ये इथेच वारला), आणि मधे जिथे वाटेल तिथे सायकल झाडाला टेकवायची.

या गावात थांबण्याचीही एक रीत आहे. पहाटे भिक्खूंची रांग भिक्षेला निघते आणि लोक गुडघ्यांवर बसून त्यांच्या पात्रात चिकट भाताचे घास घालतात. त्या वेळी रस्त्यावर असाल तर सायकलवरून उतरा, समोरच्या बाजूला उभे राहा, कॅमेरा खाली ठेवा, रांग जाऊ द्या. मला हे कुणी शिकवलं नाही. पुढे चाललेला एक शाळकरी मुलगा सायकलवरून उतरला, त्याचं बघून मीही उतरलो.

होई आनच्या बाजूचं राहिलेलं सांगतो, कारण माझ्या आवडीमुळे कुणाची सहल बिघडायला नको. शाकाहारी असाल तर होई आन फार सोपं आहे. ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी) अशी पाटी दिसली की आत शुद्ध शाकाहारी जेवण. बौद्ध परंपरेमुळे चांद्र महिन्याच्या ठरावीक तिथींना तर कितीतरी घरांतही तसंच शिजतं. लाओसमध्ये भाजीतही माशाचा आंबवलेला रस्सा असू शकतो, दरवेळी विचारावं लागतं. मी भात, फळं आणि तीळ लावून तळलेलं नदीचं शेवाळ यांवर दिवस काढले. शेवाळाची ती चकती जरूर खा. शिवाय होई आनहून चाळीस किलोमीटरवर ‘मी सन’ हे ठिकाण आहे, मध्य व्हिएतनामवर पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरं. तिथल्या जतनाच्या कामात आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण होतं आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं. ते पाहायचंच असेल तर मी लुआंग प्रबांगचा आग्रह धरणार नाही. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आईवडील बरोबर असतील तरीही सपाट होई आनच बरं.

आणि सुट्टी कधीची आहे, त्यावर बरंच ठरतं. दिवाळीच्या सुट्टीत होई आनला पावसाळा भरात असतो. थू बोनचं पाणी जुन्या गावाच्या रस्त्यांवर चढतं आणि सायकली भिंतीला टेकून राहतात. त्याच दिवसांत लुआंग प्रबांगला पाऊस ओसरत आलेला असतो, हवा गार होऊ लागते आणि नाम खानवर दरवर्षी पुरात जाणारा बांबूचा साकव नव्याने बांधायची वेळ आलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये चित्र उलटं होतं. लाओसच्या डोंगरांत शेतीसाठी रान जाळतात आणि धुरामुळे मेकाँगचा पलीकडचा काठसुद्धा पुसट होतो. त्या दिवसांत सायकल चालवून छाती भरून घेण्यात अर्थ नाही, तेव्हा होई आनला जा. मे महिना दोन्हीकडे तापलेलाच, पण होई आनला निदान समुद्र आहे.

लुआंग प्रबांग ठरलं तर शेवटची दुपार मोकळी ठेवा. राजवाड्याजवळच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी संथ फेरीबोट सुटते, तिच्यावर सायकल चढवता येते. पलीकडे उतरल्यावर छोटा चढ आहे, मग उजवीकडे वळून नदीला समांतर गावातली अरुंद वाट धरायची. ‘वाट लोंग खून’ या विहारापाशी थांबा (इथे ‘वाट’ म्हणजे विहार). राज्याभिषेकाआधी राजे इथे तीन दिवस ध्यानाला येऊन राहत. समोर पाण्यापलीकडे १५६० च्या सुमाराला बांधलेल्या शिएंग थोंग विहाराची उतरती छपरं दिसतात. परतीची बोट भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून अंधार पडायच्या आत धक्क्यावर या. आणि सायकल घेताना सकाळीच मागचा ब्रेक दाबून पाहा, कारण परतताना धक्क्याचा तो उतार थेट पाण्याकडे जातो.